गप झालेलं लेकरू

वाटूर फाट्यावर पुण्याची गाडी लागली तेव्हा बाबांनी माझी पेटी आत चढवली, खिडकीपाशी आले अन् एवढंच म्हणाले, "लोकाची लेकरं हायती. बराबर पाह्य." आमच्या घरातून नर्सिंगला निघालेली मी पहिलीच. माय रडता रडता शेजारणीला सांगत होती, "आता कशाचं भ्याव न्हाई बाई, दवाखाना आमच्या घरातच आला." आला कुठला, घरातून निघून चालला होता. पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं न्हाई, माझ्याबी न्हाई.

पुण्यात लहान मुलांच्या वॉर्डात आता अकरा वर्षं झाली. नव्या पोरींना मीच शिकवते. झबलं वर करा, छाती-पोट उघडं पाहा, घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. लेकरू दोन महिन्यांच्या पुढचं अन् वर्षाच्या आतलं असेल आणि श्वास पन्नास किंवा वर गेला, तर तो जोरात चाललाय. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो का, ते पाहा. रडणाऱ्याला एवढं भिऊ नका, न पिता गप पडलेल्याला भ्या. एखादी विसरली की मी सगळ्यांदेखत झापते.

मंग ऐका माझं शहाणपण. दोन वर्षांमागं थंडीत, भर ड्यूटीत धाकट्या भावाचा, गजाननचा फोन आला. त्याची आरोही तेव्हा नऊ महिन्यांची. "ताई, दोन दिस झाले खोकून राह्यली. काल लई रडली. आज गप झोपून राह्यली. सकाळपासून प्यायली बी न्हाई." वॉर्डात तीन लेकरं एकदम वाफेच्या मास्कखाली ओरडत होती. गावाकडून तर रोजच फोन, मायचे गुडघे, काकाची शुगर. मी वैतागले होते. अन् खरं सांगू? मला त्यातलं 'झोपली' एवढंच ऐकायचं होतं. म्हणाले, "सर्दी असंल. झोपू द्या तिला, उठवू नका." अन् फोन ठेवला.

माझी भावजय सविता सातवी शिकलेली. तिनं लेकराचं झबलं वर केलं, बरगड्यांखाली पडणारा खड्डा पाह्यला अन् पायात चप्पल घातली. माय आडवी आली, "आपली नर्स झोपू द्या म्हणती, अन् तू कोण मोठी डॉक्टरीण लागून गेली?" सविता थांबली न्हाई. फाट्यावर जीप धरून पोरीला जालन्याला घेऊन गेली. तिथं लगेच ऑक्सिजन लावला, पाच दिवस ठेवून घेतलं. डॉक्टरनं विचारलं, "सकाळपासून घरी कशाला ठेवलं?" सविता म्हणाली, "चुकलं माझं." माझं नाव तिनं घेतलं न्हाई. गजाननानं हे सांगितलं तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडले. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

गावी राहिलेल्यांनो, तुम्ही म्हणता, गेलेल्यांची चैन आहे. आहे ना! माय आजही पाहुण्यांना 'लेक पुण्यात नर्स' म्हणून सांगते. मला म्हणते, "तुझा काय दोष माय, तुला तिकडं कामं किती." दोष माझाच होता, अन् तो मला कुणी देत न्हाई, याचाच जास्त राग येतो. आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तुम्हाला विचारते, घरचा फोन आला की तुम्ही ऐकता, का नुसता उरकता? मी उरकला होता.

आता फोन येतात ते पावसाचे, लग्नांचे. आजार कळतो तो बरा झाल्यावर.

यंदा सणाला गेल्ते. आरोही खेळता खेळता खोकली, तसे मी हात पुढं केले. सवितानं तिला हळूच आपल्याकडं ओढलं. "राहू द्या ताई, पाह्यलंय मी. तुमी चहा घ्या." रागावली नव्हती. बिलकुल न्हाई. त्या घरात मला आजबी पाट मिळतो, तव्यावरची पहिली पोळी मिळते, निघताना नवी साडी मिळते. फक्त आजारी लेकरू माझ्या मांडीवर कुणी देत न्हाई.