हळूभाऊ आणि वाळूतला महंत

चहाने काठोकाठ भरलेला कप ठेवावा आणि बशीला त्याची खबरही लागू नये, असा कप ठेवणारा माणूस मी एकच पाहिला. भिलाईला सेक्टर एकमध्ये माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारे हळूभाऊ. नाव आम्हीच ठेवलेले. प्लांटमध्ये ते क्रेन चालवायचे. वितळलेल्या लोखंडाचे भांडे माणसांच्या डोक्यांवरून न्यायचे म्हणजे हात हलका हवाच. पण हळूभाऊ ती ड्यूटी घरीही घेऊन यायचे. दार लावणे, पाट मांडणे, बायकोशी भांडणे, सगळे एकाच चालीत. "जर्क नाही पाहिजे" हा त्यांचा मंत्र होता आणि पोळ्या लाटणाऱ्या वहिनींनाही त्यातून सूट नव्हती.

एकदा ते जगन्नाथाला जाऊन आले आणि वहिनींसाठी पुरीहून ओंजळभर शंख घेऊन आले. रायपूर यायच्या आत त्यातले काही शंख डब्यातल्या डब्यात चालायला लागले. आत खेकडे होते. दुसऱ्या कोणी खिडकीतून फेकले असते. हळूभाऊंनी डब्याच्या झाकणाला भोके पाडली. घरी कपडे धुवायचा टब वाळूने भरला, एका बशीत साधे पाणी, दुसरीत मिठाचे. उन्हाळ्यात टबावर ओले पोते. आम्ही सगळे सेक्टरभर भाजून निघत होतो आणि हळूभाऊंचे खेकडे गारव्याला बसून खोबरे खात होते.

"माह्या माहेरचा माणूस आला तं यायनं त्याले साधा पंखा नाही झलला," वहिनी मला सांगायच्या.

खेकडा वाढला की त्याला शंख अपुरा पडतो, मग तो मोठा शंख शोधून त्यात राहायला जातो. त्यामुळे पुरीला निघालेल्या प्रत्येकाला हळूभाऊ स्टेशनपर्यंत पोचवायला जायचे. "दर्शन नाही झालं तं चालते जी, पण शंख भोकाचा नोका आणू." त्या दिवसांत सेक्टरातला जो तो मोठ्या क्वार्टरची वाट पाहत होता. वहिनींची सासू तर कित्येक वर्षे व्हरांड्यात झोपत होती. "खेकड्याइले घर भेटते," वहिनी म्हणायच्या, "आमालेच भेटत नाही."

या माणसाची चेष्टा करणे मी फक्त एकदा थांबवले. पहिल्याच वर्षी एक खेकडा वाळूत शिरला आणि वर येईना. मेला असेल म्हणून भाऊंनी उकरला. तो जिवंत होता. कात टाकत होता, अंग नुसते लोण्यासारखे मऊ. तळहातावरच तो गेला. "माह्या हातानं जर्क बसला," एवढेच ते म्हणाले आणि दोन दिवस जेवले नाहीत. मला त्यांचे फार वाईट वाटले.

पुढे दोन खोल्यांचे क्वार्टर मिळाले, सेक्टर पाचला. रविवारपर्यंत जुने घर रिकामे करायचे, नाहीतर नवे पुढच्याला जाणार. आणि नेमका त्याच आठवड्यात सगळ्यांत मोठा खेकडा, ज्याला भाऊ महंत म्हणायचे, वाळूत शिरला.

"महंत खाली गेला. आता हलवला तं मरन तो," भाऊ म्हणाले.

"अन् इथंच राहिलो तं?" वहिनींनी विचारले. "म्हातारीनं काय जलमभर व्हरांड्यात झोपाचं?"

भाऊ उठले आणि खाट बाहेर काढली.

सामान ठेल्यावर गेले. टब मात्र भाऊ ठेल्यावर ठेवू देईनात, कारण भिलाईतला एकूण एक रस्ता तेव्हा खोदलेला. तो खाटेवर ठेवला, ऊन लागू नये म्हणून वर ओली पांढरी चादर घातली आणि आम्ही चौघा शेजाऱ्यांनी खाट खांद्यावर घेतली. मी मागे, उजव्या बाजूला. पुढे भाऊ, चादरीवर शिंपडायला हातात पाण्याचे मडके. मागून वहिनी, संतापाने तोंडावर पदर घेतलेला. लोक सायकलवरून उतरून हात जोडायला लागले. समोरून आलेली बस थांबली. एका म्हाताऱ्याने भाऊंना हळूच विचारले, "कौन गुजर गया, भैया?"

"गुजरा नहीं, बाबा. आराम कर रहा है," भाऊ गंभीरपणे म्हणाले आणि आमच्याकडे वळले. "हळू. पुढं खड्डा हाय."

वहिनींचा पदर गदगदा हलत होता. लोकांना वाटले, बिचारी रडते आहे.

महिना उलटून गेल्यावर महंत वर आला, चांगला थोराड होऊन. जुना शंख त्याला पुरेना आणि घरातले बाकीचे शंख लहान. वहिनींनी आपला कुंकू ठेवायचा मोठा शंख धुतला आणि वाळूत ठेवला. संध्याकाळपर्यंत महंत त्यात राहायला गेलेला होता. "दोन खोल्या काय आपल्याच साठी हायेत?" वहिनी म्हणाल्या.

बऱ्याच वर्षांनी हळूभाऊ त्याच घरातून गेले. झोपेतच गेले, त्यांच्या पद्धतीने. आम्ही त्यांना उचलले. मी पुन्हा मागे, उजव्या बाजूलाच होतो, आणि मला रडू आवरत नव्हते. पोरे घाईत होती, पहिलेच पाऊल जोरात पडले. तशा वहिनी उंबऱ्यापर्यंत आल्या.

"हळू न्या जी," त्या म्हणाल्या. "जर्क नोका देऊ."

रस्ता तोवर चांगला डांबरी झाला होता. तरी आम्ही सगळा वेळ खड्डे चुकवत चाललो.