चाचांची निसर्गाशी घासाघीस

आमच्या वर्गातल्या चाचांनी घासाघीस न करता मान्य केला, असा निसर्गाचा एकही नियम माझ्या तरी माहितीत नाही. तासगावचे बेदाण्याचे व्यापारी, दाढी पांढरी झालेली, घरात दोन सुना. आणि हा माणूस आम्हा पोराटोरांबरोबर सांगलीच्या कॉलेजात बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला बसायचा, तोही पहिल्या बाकावर. तरुणपणी याच वर्षाला ते भौतिकशास्त्रात नापास झाले आणि वडिलांनी कान धरून दुकानात आणून बसवलं. ते नापास होणं त्यांना आयुष्यभर सलत राहिलं. मुलं हाताशी आल्यावर त्यांनी घरात जाहीर केलं, "मी कॉलेजला चाललो." थोरल्यानं एक वर्षाची सवलत दिली. पास झालात तर खुशाल पुढे शिका, नाहीतर गुपचूप दुकानाच्या गादीवर येऊन बसा. ही अट मात्र चाचांनी एका शब्दानंही न कुरकुरता मान्य केली, यावरून त्यांची ओढ ओळखावी.

मीही तासगावची, त्यामुळे एसटीत आम्ही रोज शेजारी. कंडक्टर तिकीट फाडायच्या आत चाचांचा प्रश्न तयार असे. "पोरी, तारंतनं इलेक्ट्रॉन मुंगीपरास हळू चालत्यात म्हणं. मग बटण दाबलं की दिवा लगीच कसा लागतोय?" मी सांगितलं, तार आधीपासूनच भरलेली असते, एकानं ढकललं की सगळेच हलतात. चाचांनी गच्च भरलेल्या गाडीवरून नजर फिरवली. "व्हय की! मागनं एक घुसला की म्होरल्या दारातनं एक खाली पडतोय." त्या दिवसापासून ते कंडक्टरला बॅटरी म्हणू लागले. कंडक्टरला ते अजिबात आवडलं नाही.

प्रयोगशाळेत तर त्यांना आवरणं मुश्कील. टॉर्चच्या एका सेलवरचा प्रयोग असला तरी रबरी चपला घातल्याशिवाय ते तारेला हात लावत नसत आणि दुसऱ्यालाही लावू देत नसत. "इजेची मस्करी करायची न्हाई गड्या." एकदा सरांनी रोधकावरचा, म्हणजे रेझिस्टरवरचा, सोनेरी पट्टा दाखवून सांगितलं, की लिहिलेल्या किमतीत पाच टक्के इकडेतिकडे चालतं. सर वयानं चाचांच्या थोरल्या मुलाएवढे. चाचा आनंदानं उभेच राहिले. "म्हंजे बोलीला जागा ठेवलीया!" पुढे त्यांच्या प्रत्येक मोजणीत दोनतीन टक्के कमी निघायला लागले. सरांनी विचारलं तर म्हणाले, "आवं सर, पहिल्या भावात कुनी माल उचलतं व्हय?"

मग पुंजभौतिकी, म्हणजे क्वांटम फिजिक्स, आली. कण मोजेपर्यंत त्याची जागा ठरलेली नसते, हे ऐकून आम्हा सगळ्यांची डोकी गरगरली. एकटे चाचा खुलले. पूर्वी त्यांच्या वडिलांच्या वेळी बेदाण्याचा सौदा रुमालाखाली व्हायचा. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालून बोटं दाबायचे आणि बाहेरचे नुसते तोंडाकडे बघत राहायचे. "रुमाल उचलंपतुर सगळे भाव खरे. ह्येच तर सर सांगत्यात!" वर्गाला एका क्षणात सगळं समजलं. टाळ्या पडल्या. सर तेवढे हळूच म्हणाले, "चाचा, रुमालाखालच्या त्या दोघांना भाव माहीत असतो. फक्त तुम्हाला दिसत नाही. इथे तसं नाही. इथे ठरलेला भावच नाही."

"निम्मा तरी ठरला असंल की सर."

"नाही."

"ठरलाय, पर दडवलाय, असं म्हणू या?"

"तेही नाही, चाचा."

चाचा मटकन खाली बसले. पुढे कितीतरी दिवस एसटीत त्यांचा चेहरा उतरलेला. "पोरी, मुळात ठरलंच न्हाई, तर मोजल्यावर येतंय कुठनं?" मला कुठे ठाऊक होतं! मी म्हणाले, पुस्तकातलं वाक्य पाठ करा, मार्क मिळतील. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चांगल्या मालात गेल्या सालचा माल मिसळायला सांगत होते.

तोंडी परीक्षेला साताऱ्याहून एक परीक्षक आले. भलतेच कडक, अशी त्यांची ख्याती. चाचांच्या मागे माझाच नंबर, म्हणून मी दारातच उभी होते. नेमका तोच प्रश्न आला: मोजण्याआधी कण कुठे असतो? चाचांनी सवयीनं रुमालाची गोष्ट सुरू केली. आता संपलं, हे चालले गादीवर, असं वाटलं. पण मधेच ते थांबले.

"न्हाई सर. ह्यो दाखला मला लय आवडतो, पर तो खोटा हाय. रुमालाखाली भाव ठरल्याला असतो. हितं न्हाई."

"मग हे तुम्हाला पटलं?"

"पटलं न्हाई. पर कितीबी मोजलं तरी तसंच येतंय, त्येला मी काय करू? भांडायला पुढच्या वर्षी येतो. तेवढं येऊ द्या मला."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि "या" एवढंच म्हणाले. त्याचा अर्थ "पुढच्या वर्षी या" की "आता निघा", यावर आम्ही निकालापर्यंत वाद घातला.

निकालाच्या दिवशी थोरला मुलगा टेम्पो घेऊन सांगलीला आला होता. वडिलांना घरी न्यायची त्याची पुरती तयारी होती. मी मोबाईलवर निकाल उघडला आणि त्याच्यापुढे धरला. काठावर का होईना, चाचा भौतिकशास्त्रात पास होते. चाचांनी खिशातून गोदामाच्या किल्ल्या काढून त्याच्या हातात ठेवल्या. "ह्या आता तुझ्याकडंच राहू दे. मला यायला उशीर हुईल."

मुलानं किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या. "अब्बा, दुसऱ्या वर्षाची पुस्तकं घ्यायची असतील न्हवं? गाडी हायच."

दोघं पुस्तकांच्या दुकानाकडे गेले. त्यांनी मलाही बोलावलं, पण मी नको म्हणाले आणि एकटीच स्टँडवर आले. फार आनंद झाला होता. फक्त तासगाव येईपर्यंत मला कुणी एकही प्रश्न विचारला नाही, आणि तो रस्ता एवढा लांब आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.