माइकची उंची

प्रज्ञा गुडघ्यात वाकून गायची. माइक शीतलच्या तोंडाशी, आणि उंच प्रज्ञा त्याच्यापर्यंत खाली आलेली. शीतल तिच्या खांद्याला जेमतेम लागायची. कुंभिवलीच्या या दोघी हळदीची गाणी स्वतः रचून कीबोर्डच्या ठेक्यावर म्हणत. टेंपो, जेवण, साउंडवाला, सगळी व्यवस्था माझ्याकडे. मी दरवेळी दोन माइक सांगायचे. प्रज्ञा दरवेळी एक परत पाठवायची.

"मावशी, दोन माइक आले की दोन बाया होतात. आमी एकच हाय."

"आणि गुडघे?"

"त्यांचा सत्कार करा वेगळा!"

एका हळदीतलं त्यांचं गाणं कुणीतरी मोबाइलवर टाकलं आणि कर्जतपासून चौकपर्यंत मांडवामांडवांत ते वाजू लागलं. दोन लग्नसराया आम्हाला उसंत नव्हती. वरचा आवाज शीतलचा, खालचा प्रज्ञाचा. शीतलचा श्वास कुठे तुटणार हे प्रज्ञाला आधीच कळे. तिथून ओळ ती उचलायची. ऐकणाऱ्याला सांधा सापडत नसे.

मग मुंबईच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. फक्त शीतलला. शीतल माझ्या ओट्यावर प्रज्ञाशेजारी बसून रडली.

"तुज्याबिगर मी नाय जायची गं."

"येडी हायेस काय? मला कारखान्यात पर्मनंट करतायत. तुज्या मागं कुठं फिरू? जा तू."

पर्मनंटचं खोटं होतं. मी तोंड उघडणार, तोच प्रज्ञाने डोळ्यांनी मला गप्प केलं.

शीतल गेली. प्रज्ञा हायवेवरच्या कारखान्यात पॅकिंग करत राहिली. एकटीने गा म्हटलं की म्हणायची, "अर्ध्या गाण्याला कोण नाचतंय, मावशी?"

यंदाच्या उन्हाळ्यात काविळीने ती गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी खुर्च्या, पाणी, फोटो, हार मी वेळेत लावले. माइक एकच सांगितला. शीतल आली. साउंडवाला जुनाच, त्याने सवयीने माइक खाली घेतला. तिने त्याचा हात धरला.

"वर घे, दादा. तिच्या तोंडाशी."

टाचा उचलून तिने त्यांचं पहिलं गाणं धरलं. हळदीचं गाणं अशा दिवशी कुणी म्हणत नाही, पण कुणी अडवलं नाही. वरचा आवाज तिने लावलाच नाही. सगळं गाणं प्रज्ञाच्या खालच्या आवाजात म्हटलं. तिच्या पोटऱ्या थरथरू लागल्या, तेव्हा मी पाट आणून पुढे सरकवला.

गाणं न थांबवता तिने तो पायाने बाजूला सारला.