प्रितमची टाच

डहाणूच्या किनाऱ्यावर जवळा सुकवणाऱ्या जमुनाच्या लक्षात चेहरे फारसे राहत नसत; पावलं राहत. मासळी सुकवायच्या खळ्यावरून कोण गेलं हे ती वाळू बघून सांगे. "काळ्या गेला. डावीकडे कलंडत. म्हणजे पिऊन." काळ्याची बायको तिच्याशी बोलत नसे, पण खात्री करायला रोज यायची.

म्हणून एका सकाळी ओल्या वाळूत प्रितमच्या बुटांचे ठसे दिसले, तेव्हा जमुनाने कोणालाच सांगितलं नाही.

प्रितम तिचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी बोट उलटली. तिघे परत आले, तो आला नाही. पोलीस भरतीसाठी तो रोज या वाळूवरून उत्तरेला धावे, समुद्र डाव्या हाताला, आणि परत रस्त्याने चालत येई. पुळण समुद्राकडे उतरती, त्यामुळे डावं पाऊल सदा बाहेरच्या कडेवर पडायचं. समोरचे ठसे नेमके तसेच होते. फक्त उथळ. दोन वर्षांत वाळला असेल, असं तिला वाटलं.

चार दिवस तिने एक भाकरी जास्त थापली. ती कुत्र्याने खाल्ली.

पाचव्या दिवशी ती ठशांच्या मागे गेली. सुरूच्या झाडांपाशी तिची मुलगी नूतन गुडघा धरून बसली होती. पायात प्रितमचे बूट. बोटीवर तो अनवाणीच जायचा, तेव्हा बूट घरीच राहिले होते.

"नवे मागायचे ना गं."

"दुकानातले बोटांना आवळतात, आये. आपले पाय फताडे. दादाचेच तेवढे बसतात."

"आणि गुडघा?"

"बाहेरच्या बाजूने सुरी फिरवल्यासारखं होतं. आठशे मीटर धावायचे असतात, मी सहाशेलाच लंगडते. भरती बारा दिवसांवर आलीय."

जमुना बूट घेऊन सरावलीला लाहू चांभाराकडे गेली. त्याने ते सपाट दगडावर ठेवले. उजवा सरळ उभा राहिला. डावा, आत पाय नसतानाही, हळूच बाहेर कलला.

"मावशी, हा प्रितमच्या चालीने झिजलाय," लाहू म्हणाला. "आता जो घालेल त्याचं पाऊल हा प्रितमसारखंच पाडणार. पोरीचा पाय तिरका पडतो, मग गुडघा पिळवटतो."

"सरळ होईल?"

"टाच कापून नवी बसवतो. पण मग वाळूत पाऊल नूतनचं उठेल." त्याने कातडं कापायची रापी हातात धरून ठेवली. जमुना पावलं वाचते हे त्यालाही ठाऊक होतं. "कापू?"

जमुनाने डावा बूट बोटाने सरळ केला. सोडताच तो परत कलला.

"काप," ती म्हणाली. कापलेला रबराचा तुकडा तिने मागून घेतला आणि पदराला बांधला.

घरी येऊन तिने नूतनला बजावलं, "रोज एकाच बाजूला धावायचं नाही. एक दिवस समुद्र डावीकडे, एक दिवस उजवीकडे." हे प्रितमलाही सांगता आलं असतं, पण तेव्हा तिला त्याची पावलं आवडायची.

आठवडाभरात वाळूत नूतनचे ठसे उठू लागले, सरळ आणि अनोळखी. जमुनाने जास्तीची भाकरी बंद केली. कुत्रा दोन दिवस रुसला.

भरतीच्या दिवशी नूतन तेच बूट घालून पहाटेच्या गाडीने पालघरला गेली. जमुना खळ्यावर आली. आदल्या संध्याकाळी तिने ते झाडून लख्ख केलं होतं.

मधोमध पावलं होती. अनवाणी, फताडी, पाची बोटं स्पष्ट. उत्तरेकडे गेलेली. डावं बाहेरच्या कडेवर. या खेपेला चांगली खोल होती; अंग भरलं होतं.

तिने पदराची गाठ चाचपली. तुकडा जागेवर होता, आणि ओला होता.

दहाच्या सुमाराला फोन वाजला. "आये, वेळेत आले! गुडघा कुरकुरलासुद्धा नाही!"

"बरं झालं," जमुना म्हणाली. "लवकर ये. जेवायला थांबतो."

"थांबतो? कोण?"

"थांबते म्हटलं गं."

त्या दिवशी जवळा पावलं सोडून चार हात बाजूला सुकला.