नोव्हायचे राजे

नागपूर स्टेशनवर गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीचा गज धरून सोबत चालत होते. त्यांनी आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. लोकांचे बाप निघताना लाडूचा डबा देतात, माझ्या बापानं संविधानाची प्रत दिली आणि म्हणाले, "पोरी, कोणापुढं वाकू नको. अन् कोणाला वाकवू पण नको." मला रागच आला. निदान निघताना तरी काहीतरी मऊ बोलावं की नाही माणसानं? पण अमेरिकेत दोनच वर्षं काढायची होती, म्हणून प्रत बॅगेत टाकली.

तुम्ही जे तिकडं राहिलात आणि जे माझ्यासारखे इकडं आलात, त्या सगळ्यांना ही 'दोनच वर्षं' चांगली ठाऊक आहेत.

विलासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मिशिगनमध्ये नोव्हायला नोकरी होती. गाड्यांचे ब्रेक डिझाइन करायचा. अपार्टमेंटला मी पडदे शिवू दिले नाहीत. जाताना काढत कोण बसणार? खिडकीला बेडशीट टोचलं होतं. माझा पाय घरात ठरत नसे. भांडी या कपाटातून त्या कपाटात लावायची, बॅगा उघडून पुन्हा भरायच्या, हाच उद्योग.

समोरच्या दारात एक गृहस्थ एकटे राहायचे. पन्नाशी उलटलेली, इन्शुरन्स विकायचे, सदा सुटात. एका बर्फाच्या सकाळी त्यांची गाडी सुरू होईना. विलासनं आपल्या बॅटरीला वायरी जोडून जंप स्टार्ट दिला आणि चहाला आणलं. दुसऱ्या कपाला त्यांनी सांगितलं की ते राजे आहेत. म्हणजे झाले असते. देशाचं नाव इथं लिहीत नाही. रणगाडे आले तेव्हा तान्ह्या वयात त्यांना ब्लँकेटमध्ये गुंडाळून बाहेर काढलं होतं. आता तिकडची राजवट कोसळली होती आणि राजा परत आणायचा का, यावर लोकांचं मत घेणार होते. त्यांच्या दारामागेही दोन भरलेल्या बॅगा होत्या. त्या पाहिल्या आणि मला हा माणूस आपलासा वाटला, त्याचा मला संतापही आला.

कारण माझ्या घरात राजे फक्त परीक्षेपुरते असायचे. मी त्यांना तोंडावर विचारलं, "तुमचा राजा करणार काय?"

"काही नाही," ते म्हणाले. "कायदा लोकांचा. राजानं फक्त सही करायची."

"आम्ही ते काम राष्ट्रपतींना देतो. पाच वर्षांनी बदलतो पण."

ते इतके हसले की चहा सांडला. तेव्हापासून आम्ही त्यांना 'राजे' म्हणू लागलो, निम्मं चेष्टेनं.

इतकी वर्षं राहून ते अमेरिकन झाले नव्हते. विलासनं कारण विचारलं. ते म्हणाले, नागरिकत्वाच्या शपथेत इतर कुठल्याही देशाशी आणि राजपुत्राशी असलेली निष्ठा सोडावी लागते. "मी स्वतःला कसा सोडू?" आम्हाला हसू आलं. त्यांना नाही आलं.

चौदा एप्रिलला आमच्याकडं जयंती असायची. विदर्भातली, मराठवाड्यातली पोरं गोळा व्हायची, फोटोपुढं मेणबत्त्या, त्रिशरण, मग सगळे उभे राहून संविधानाची उद्देशिका म्हणायचे आणि त्यानंतर भात-वरण. बसायला सतरंजी, सगळ्यांना एकच. त्या वर्षी राजे येणार म्हणून विलासनं मधोमध खुर्ची मांडली. मी डोळे वटारले, पण माझ्याआधी ढोके काकूच बोलल्या. त्या नागपूरहून मुलाकडं कायमच्या राहायला आल्या होत्या.

"विलास, हे काऊन बाप्पा? राजा आहे म्हणून खुर्ची? खुर्ची द्यायची तर गुडघे माझे दुखतात."

राजे विचारू लागले, काय म्हणाल्या? मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी उठून काकूंचा हात धरला, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि स्वतः सुटासकट सतरंजीवर मांडी घालायला लागले. मांडी काही जमली नाही. पुढं दर वर्षी ते यायचे, खुर्ची काकूंची असायची, आणि उद्देशिका ऐकून ऐकून त्यांना पाठ झाली.

मग तिकडचं मतदान झालं. लोकांनी राजा नको म्हटलं. मी जन्मभर ज्या बाजूची, तीच बाजू जिंकली होती, आणि मला रडू आवरेना. राजांचं दार कितीतरी दिवस बंद राहिलं. उघडलं तेव्हा बॅगा दारामागे नव्हत्या. म्हणाले, "सुजाता, मी शपथ घेतोय."

नागरिकत्वाचा अर्ज करायची आमचीही वेळ झालेली होती. विलास कधीचा मागं लागला होता, मीच टाळत होते. बाबांना फोन केला. वाटलं, मोडतील. ते म्हणाले, "तिथं मत देता येते ना? मग घे. जिथं राहतो तिथं मत नसलं तर माणूस भाडेकरू असते, पोरी." फोन ठेवल्यावर मला वाटलं, अडवायला हवं होतं त्यांनी.

डेट्रॉइटच्या कोर्टात आम्ही तिघं एका रांगेत होतो. पुढून एकेक तुकडा सांगायचे, आम्ही मागून म्हणायचं. 'राजपुत्र' आला तशी राजांची जीभ अडली. मान खाली घालून त्यांनी तो शब्द म्हटला, सगळ्यांच्या मागून. 'देश' आला तेव्हा मी नुसते ओठ हलवले. एवढ्या गर्दीत कोणाला कळतंय?

घरी येऊन पडदे शिवायला टाकले.

पुढच्या चौदा एप्रिलला सगळे उभे राहिले. 'आम्ही, भारताचे लोक', आणि मी तिथंच थांबले. आता मी कोण हे म्हणणारी? शेजारी राजे मोडक्या मराठीत खणखणीत म्हणत होते. त्यांना कधी कोणी लोकांत धरलंच नव्हतं. मी तर जन्मापासून या लोकांतलीच होते आणि तेच कोर्टात देऊन आले होते. काकूंनी खुर्चीतून उठून माझं कोपर धरलं.

घर कुठं, असं मला लोक विचारतात. मी नोव्हाय सांगते, आणि ते खोटं नाही. पण पहिली ओळ आली की मी अजून गप्प असते. 'न्याय' या शब्दापासून म्हणायला लागते.