वाटमावशीचा जबाब

आमच्या गावातून बाहेर पडायला चार पायवाटा होत्या. त्यांतली एकही आठ दिवसांहून जास्त रिकामी राहू नये, हे काम एका बाईनं आपणहून अंगावर घेतलं होतं. बाकीचे लोक चारा कुठं आहे ते बघून शेळ्या न्यायचे. ही वाटेची पाळी बघून न्यायची. सोमवारी माळाची वाट, मंगळवारी मसणवाट, बुधवारी बाभळबनाची, गुरुवारी नदीची. उरलेल्या दिवशी शेळ्या म्हणतील तिकडं. गाव तिला वाटमावशी म्हणायचं.

येत्या सोमवारी नदीच्या वाटेची सुनावणी आहे. त्याआधी हे लिहून ठेवतोय, कारण हल्ली ऐनवेळी मला शब्द आठवत नाहीत. या गोष्टीत तर सगळा घोळ एका शब्दाचाच आहे.

मावशी धनगराच्या घरची, माहेर बोरीचं. हातातली काठी शेळ्यांसाठी कमी आणि काट्यांसाठी जास्त. वाटेत बाभळीचा काटा दिसला की ती वाकायची, उचलून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, टाकायची आणि पुढं जायची. शेळ्यांनाही त्याची सवय झाली होती. मावशी वाकली की त्या थांबत. "पाय न्हाई लागला की वाट रुसती," ती म्हणायची. मी एकदा गमतीनं विचारलं, "मावशी, रुसली तर काय करते?" ती म्हणाली, "काय करती? गवत पांघरून निजती. मग उठवत बस."

मी तेव्हा नुकताच तहसील कचेरीत कारकून लागलो होतो. आमच्या बौद्ध वस्तीतून कचेरीत गेलेला पहिलाच. रोज सायकल पांदीच्या गाडीवाटेपर्यंत हातात धरून नेताना मावशी भेटायची. माझ्या नव्या बुटांकडं बघून म्हणायची, "बापू, तुजे बूट वाटंला टोचतेत रं." तिचा धाकटा दीर माझ्याबरोबर शाळेत होता, म्हणून मीही तिला दिरासारखा, बापू. दुसऱ्या कुणी मला बापू म्हटलेलं आठवत नाही.

कचेरीत पहिल्या आठवड्यात मी एकदा "साहेब यायलेत" असं बोललो आणि सगळे हसले. त्या दिवसापासून मी माझी भाषा धुऊन काढायला घेतली. 'आमी'चं 'आम्ही', 'न्हाई'चं 'नाही'. लोकांचे जबाबही मी असेच धुऊन लिहायचो. साहेब दुसऱ्या जिल्ह्यातले. ते एकदा म्हणाले, "तुमचं मराठी वाचायला बरं असतं." ते वाक्य मी कितीतरी दिवस खिशात घेऊन हिंडलो.

मग नदीच्या वाटेवरचं एक शेत विकलं गेलं. नव्या मालकानं वाट तारेनं बंद केली. शेळ्या तूर खातात, असं त्याचं म्हणणं. मावशी त्याला म्हणाली, "शेळीनं खाल्लं तर मला बोल. वाटंनं तुजं काय खाल्लं?" त्यानं ऐकलं नाही. त्या वाटेनं आमच्या वस्तीतल्या बायाही नदीकाठच्या शेतांत कामाला जायच्या. त्यांना आता सडकेनं मोठा वळसा पडणार होता. सगळ्यांच्या वतीनं मावशीनं आमच्या कचेरीत अर्ज केला. ही वाट जुन्या वहिवाटीची आहे एवढंच सिद्ध करायचं होतं. ते ठरलं तर तार निघणार होती.

चौकशीला मावशी नवं लुगडं नेसून आली. साहेबांनी विचारलं, "या वाटेनं तुम्ही जाता का?"

"जायलोय की," मावशी म्हणाली. "आमी ह्याच वाटंनं जायलोय."

परभणीकडच्या कुणालाही याचा अर्थ सांगावा लागत नाही. आम्ही जातो, जात आलोय, आजही जातोय. मी मात्र ते धुतलं. 'जायलोय' म्हणजे मुळात 'जायला लागलोय', असा हिशेब मी मनात मांडला आणि कागदावर लिहिलं: 'आम्ही या वाटेने जाऊ लागलो आहोत.' दिसायला वाक्य सुंदर होतं.

अंगठा उठवण्याआधी तिनं विचारलं, "बरूबर लिवलंस का बापू?"

"लिहिलंय मावशी. अगदी शुद्ध."

तिनं अंगठा उठवला.

निकाल मीच स्वच्छ हस्ताक्षरात उतरवला. त्यात होतं, अर्जदाराच्या स्वतःच्याच सांगण्यावरून या वाटेचा वापर अलीकडे सुरू झालेला दिसतो, सबब अर्ज नामंजूर. ते 'अलीकडे' माझ्याच 'जाऊ लागलो'तून आलं होतं. साहेबांची सही व्हायची होती. खोली दहा पावलांवर. मी उठलो, दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो. नोकरी नवी होती, साहेब तापट होते, आणि खरं सांगायचं तर मला माझं मराठी चुकलं असं कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

आठ दिवसांनी मावशी कचेरीत आली. मी निकाल वाचून दाखवला. ती म्हणाली, "आमी आत्ता जायला लागलो म्हनं? मंग माजी सासू काय उडत जात व्हती? कुनी सांगितलं त्यास्नी असं?"

मी म्हणालो, "मावशी, तुमच्याच जबाबात आहे."

तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "मंग माजंच तोंड चुकलं आसंल. येते, भाऊसाहेब."

बापू तिथंच संपला.

सडकेनं वळसा घालून दमलेल्या बाया म्हणायच्या, "मावशीनं तोंड उघडलं आन् वाट घालवली." ती ऐकून घ्यायची. पुढं कुठल्याही साहेबासमोर ती बोलली नाही. दीर नाहीतर लेक बोलायचा, ती मागं उभी राहायची. पण गुरुवार तिनं सोडला नाही. शेळ्या घेऊन नदीच्या वाटेनं तारेपर्यंत जायची, काठी टेकून थोडी उभी राहायची आणि वळायची. काटे तेवढ्यातही उचलायची. मी सायकल दुसऱ्या बाजूनं न्यायला लागलो.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. मी परभणीहून मातीला गेलो आणि सगळ्यांच्या मागं उभा राहिलो.

आता गावानं ती वाट मोकळी करून मागितली आहे. त्या शेताच्या मालकाच्या मुलानं तोच जुना निकाल समोर ठेवला आहे, आणि त्यात मावशीचा अंगठा आहे. हे कळल्यापासून माझा डोळा लागत नाही. माझं कोण ऐकणार? म्हातारा भ्रमिष्ट झालाय म्हणतील. नाहीतर विचारतील, इतकी वर्षं कुठं होतात? जबाबात सांगायचं वाक्य मी रोज म्हणून बघतो आणि रोज मधेच अडखळतो.

परवा, गुरुवारी, मी गावी गेलो. आधी तारेपर्यंत चालून आलो. वाट गाजरगवतात बुडाली होती. मला ती पायानं नाही, धुऱ्यावर पडलेल्या जुन्या वाळक्या काट्यांवरून सापडली. मग मावशीच्या घरी गेलो. तिची सून ओसरीवर तूर पाखडत होती. तिच्यासमोर बसून मी सगळं सांगितलं. शब्द कुणाचा, चूक कुणाची आणि 'तुमच्याच जबाबात आहे' असं म्हणणारा कोण, तेही.

तिचं सूप थांबलं. ती म्हणाली, "आत्याबाई मरताना बी म्हनल्या, माज्या तोंडानं वाट गेली म्हनून."

तिनं सूप खाली ठेवलं.

"आन् तुमी हे आत्ता सांगायलाव, मामा?"

"आत्ता सांगायलोय," मी म्हणालो.

सांगतोय म्हणा नाहीतर सांगू लागलोय म्हणा, त्या वाक्यात धुऊन काढण्यासारखं काही नव्हतं.