दुप्पट वेगातली आई

माझ्या खोलीत राहणारी निकिता केस विंचरता विंचरता तिच्या आईचा व्हॉइस मेसेज दुप्पट वेगाने ऐकत होती. फोनमधली बाई नुसती चिवचिवत होती.

"कळतं का गं काही?" मी विचारलं.

"कळतं की ताई. रोज तेच तर असतं."

पोरगी वाईट नाही. पण फोनने या पोरांना शिकवलंय की दोन शब्दांमधली जागा म्हणजे फुकट गेलेला वेळ. गाणं असो, भांडण असो नाहीतर आई, पुढे पळवायचं.

माझी आई शाळेत गेलेली नाही. मी घरातली पहिली पदवीधर. व्हॉइस मेसेज पाठवायला तिला मीच शिकवलं, आणि ते मी अभिमानाने सांगते. फक्त बोलताना पलीकडे कोणी नसतं, हे तिच्या गावीही नाही. "जेवलीस का?" विचारून ती थांबते. तेवढ्यात कोंबड्यांची कलकल ऐकू येते. मग मी उत्तर दिलंय असं धरून ती पुढे बोलते.

दुप्पट वेगात हे थांबणं उरणारच नाही. निकिता कॉलेजला गेली की मी साध्या वेगात ऐकते. आई थांबते तिथे रिकाम्या खोलीत सांगते, "नाही गं, एकटीसाठी करावंसं वाटलं नाही."

"बरं," आई म्हणते.